शनिवारचा खिळा

३ जून

वहिनी,

नमस्कार वगैरे गृहीत धरा. सहा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून कुणी गेलं की काय, असं वाटून घेऊ नका. आपल्या पिढीत जाण्यासारखी इथे आता मीच उरले आहे, आणि पत्र मी लिहिते आहे, म्हणजे अजून आहे.

एका कामापुरतं लिहिते. सतरा वर्षांपूर्वी तुमच्या पायाला नेमकं काय व्हायचं, ते मला सविस्तर कळवा. कुठून सुरू व्हायचं, कुठपर्यंत जायचं, बसल्यावर जास्त की उभं राहिल्यावर. तेव्हा तुम्ही रोज सांगत होता, पण मी ऐकत नव्हते.

कारण असं की गेले पाच आठवडे माझा उजवा पाय माझा राहिलेला नाही. शिलाई मशीनची पेटी सरकवायला वाकले आणि कमरेत चमक भरली. दोन दिवसांत कमर शांत झाली. मी खूश. तिसऱ्या दिवशी पायानं सूत्रं हाती घेतली. बसायच्या जागेपासून निघून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगानं, पावलावरून थेट अंगठ्यापर्यंत. टेलिफोनची घंटी वाजत असताना उघड्या तारेला हात लागला की जो झटका बसतो, तो मी नोकरीत एकदाच खाल्ला होता, एका लाइनमनच्या कृपेनं. तोच झटका आता दिवसातून चाळीस वेळा. शिंकलं तरी बसतो. गंमत म्हणजे ज्या पोटरीची आग होते, तिलाच हात लावला तर कातडी दुसऱ्या कुणाची तरी वाटते.

सल्ले भरपूर मिळाले. नळदुरुस्तीवाला तोटी सोडून माझ्या पायाकडे बघत म्हणाला, "मावशी, हा वात आहे." मी म्हटलं, "तू गळती बघ." वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, जमिनीवर झोपा. दोन रात्री झोपले. तिसऱ्या सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली तेव्हा मी दारापर्यंत रांगत गेले. दूधवाला सभ्य आहे, त्यानं नजर वर छताकडे ठेवली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं तपासलं नाही, विचारलं नाही, मलम लिहून दिलं. पोटरीला चोळा म्हणाला. तीन आठवडे चोळलं. पोटरी तुळतुळीत झाली आहे, दुखणं जिथल्या तिथे.

आता हाडांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. तो काय विचारेल याची तयारी असावी म्हणून तुम्हाला विचारते. त्या शनिवारचा हॉस्पिटलचा निरोप दादा विसरला, ऑपरेशन सोमवारवर गेलं, आणि तुमचं पाऊल लुळं पडलं ते कायमचं. माझ्याकडे निरोप विसरायला दुसरं कुणी नाही, म्हणून मी सगळं कागदावर ठेवते आहे.

उत्तर थोडक्यात दिलंत तरी चालेल.

तुमची नणंद


१४ जून

वहिनी,

उत्तर आलं नाही. टपालखात्यावर विश्वास आहे, तेव्हा तुम्हीच दिलं नाही असं धरते.

हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तुम्ही ज्यांना दाखवत होता ते नव्हेत; ते परदेशी गेले. हा नवा, चाळिशीचा, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा. बाहेरच्या खोलीत बाकं इतकी कडक की माणूस आत जाईपर्यंत रोग पक्का व्हावा. मी एका बाजूवर भार टाकून बसले होते. शेजारची बाई दुसऱ्या बाजूवर. समोरून बघणाऱ्याला आम्ही दोघी भांडून तोंडं फिरवून बसल्यासारख्या दिसत असू.

"कुठे दुखतं?" त्यानं विचारलं.

"पोटरीत."

"पोटरीचं काही बिघडलेलं नाही."

"मग ती बोंबलते कशाला?"

"तिच्यापर्यंत जाणारी नस वर कमरेत दाबली गेलीय. मेंदूला एवढंच कळतं की या तारेवरून ओरड येतेय. ओरड कुठून सुरू झाली ते त्याला कळत नाही. तो आपला पोटरीचं नाव घेतो."

वहिनी, मी चौतीस वर्षं टेलिफोनच्या तक्रार कक्षात काढली. लोक फोन आपटायचे, यंत्र खरखरतंय म्हणायचे, आणि मी त्यांना सांगायची, "बाई, यंत्राला मारू नका, दोष दोन गल्ल्या सोडून तारांच्या डब्यातल्या सांध्यात आहे." हे मी निदान दहा हजार माणसांना सांगितलं असेल. आणि स्वतः तीन आठवडे पोटरी चोळत बसले. हसायचं असेल तर हसा, मला इथे ऐकू येणार नाही.

मग त्यानं मला उताणं झोपवलं आणि पाय सरळ ठेवून टाचेला धरून वर उचलला. तळहाताएवढाही वर गेला नसेल, तोवर मी त्याला एक शब्द ऐकवला, जो आमच्या मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत शिकवत नसत. तो म्हणाला, "छान." म्हणे हेच बघायचं होतं. गुडघ्यावर हातोडी मारली. टाचणीनं पावलावर कुठे टोचतं, कुठे बोथट लागतं ते पाहिलं. शेवटी म्हणाला, अंगठा वर ओढा, मी खाली दाबतो. डावा अंगठा त्याला ऐकेना. उजवा लगेच शरण गेला.

समजावून मात्र नीट सांगितलं. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते, बाहेरून चिवट, आतून मऊ. वयानं किंवा भलतं वजन उचलल्यानं बाहेरचं कवच फाटतं आणि आतला गर नसेच्या मुळावर येतो. नुसता दाब नाही, तिथे सूजही येते, म्हणून आग. अशी पाच मुळं एकत्र येऊन एक जाडजूड नस होते आणि ती पायात उतरते. सायटिका म्हणजे रोगाचं नाव नाही म्हणाला, तक्रारीचं नाव आहे. रोग शोधायचा असतो. हे वाक्य मला आवडलं.

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"इतक्यात कशाला? बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत निवळतं. बाहेर आलेला गर शरीरच हळूहळू जिरवून टाकतं."

"म्हणजे आपोआप."

"बरंचसं. तुम्ही फक्त अंथरूण धरून बसू नका. चाला."

मला समाधान वाटलं. बहुतेक तक्रारी न हात लावता मिटतात, हे मी नोकरीभर सांगत आले. ते डॉक्टरच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं.

मग त्यानं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "बसायच्या जागी बधिरपणा? लघवी होत नाही, किंवा झालेली कळत नाही, असं काही?"

मी नाही म्हटलं.

"यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी यायचं. रविवार असो, काही असो. तिथे वाट बघायची नसते. तिथे तासांचा हिशोब असतो."

हे प्रश्न मी पूर्वी एकदा ऐकले होते. याच शब्दांत.

औषधांची नावं पुढच्या पत्रात लिहीन. हात दुखायला लागला.

तुमची नणंद


२ जुलै

वहिनी,

परवा चिमणीचा फोन आला. तुमची मुलगी झाली तरी आधी ती माझी भाची आहे, म्हणून तिला स्पष्ट विचारलं.

"आत्या, आई पत्रं वाचते. दोनदोनदा वाचते. पण उत्तर देणार नाही म्हणालीय."

"मग तू फोन कशाला केलास?"

"तिनं एक विचारायला सांगितलंय. अंगठा की करंगळी?"

"अंगठा."

मागून तुमचा आवाज आला. "म्हणजे चौथा-पाचवा. माझाही तोच होता." सहा वर्षांत ऐकलेलं तुमचं पहिलं वाक्य, आणि ते मणक्यांचं. चालेल. तुम्ही पहिल्यापासून नेमक्या होता, मी त्याला चिकित्सा म्हणायची.

डॉक्टरनं व्यायाम शिकायला एका मुलीकडे पाठवलं आहे. पंचविशीची असेल. पहिल्याच दिवशी म्हणाली, "या आजी."

मी म्हटलं, "तुझी आजी माझी कुणी लागत नाही."

"बरं, मॅडम."

"मॅडमही नको."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस, काम कर."

तेव्हापासून ती मला "या, काही नाही" म्हणते. "काही नाही, पोटावर झोपा. काही नाही, कोपरांवर उठा." मुलगी बरी आहे. कळ पोटरीतून वर मांडीत, मांडीतून कमरेत सरकत गेली तर ते चांगलं लक्षण, असं तिनं सांगितलं. कमर जास्त दुखली तरी चालेल, पाय मोकळा झाला पाहिजे. म्हणजे तक्रार आपल्या मूळ पत्त्यावर परत जाते. आता मी रोज सकाळी कमर दुखण्याची वाट बघत उठते.

दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं चालायचं. खुर्चीत अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही. ओट्यापाशी उभं राहताना एक पाय पाटावर किंवा स्टुलावर ठेवायचा, कमरेला आराम पडतो.

हे शेवटचं मला नवं नव्हतं. तुम्ही ओट्यापाशी एक पाय स्टुलावर ठेवून भांडी घासायच्या. सात महिने. मी तुम्हाला बगळा म्हणायची. "दादा, तुझा बगळा बघ, ध्यान लावून उभा आहे." दोन-तीनदा पाहुण्यांसमोर म्हटलं, ते हसलेही. सोंग हा शब्दही मी वापरला होता, आणि तो विनोदानं नव्हता. मला खरंच तसं वाटत होतं. तुमच्या पायावर जखम नव्हती, सूज नव्हती, एक्सरेत हाड धडधाकट. आणि दिवस तरी कसे? काल कळवळत होता, आज बाजारात चालत गेलात, उद्या परत उठवत नाही. मला ते सोयीचं दुखणं वाटायचं. ते तसंच असतं. आज मी पायऱ्या चढले आणि काल मला मोजा चढवता आला नाही. वरच्या मास्तरीणबाई जिन्यात म्हणाल्या, "काल तर तुम्ही अगदी वाकला होता." आवाजात जो संशय होता तो मी ओळखला. माझाच होता.

त्या मुलीनं काल मला टाचांवर चालायला लावलं. डाव्यावर जमलं. उजव्याचा चवडा खाली आपटला. फट्. अजून एक पाऊल, फट्. "ताकद थोडी कमी आहे, येईल परत," ती म्हणाली. मी थांबले. हा आवाज मी अकरा वर्षं आपल्या घरात ऐकला. स्वयंपाकघरातून तुमच्या खोलीकडे आणि परत. मी म्हणायची, "वहिनी, पाय उचलून चाला."

चिमणी फोन ठेवताना म्हणाली, "आत्या, पत्रात बाबांचा विषय नको काढूस. ती जेवत नाही मग." तिनं आणखी एक सांगितलं. तिच्या लेकीनं तुम्हाला विचारलं, आजोबा कसे होते? तुम्ही एकच शब्द सांगितलात, विसराळू.

तुमची नणंद


२१ जुलै

वहिनी,

दादा विसराळू नव्हता. विषय काढू नको असं चिमणी म्हणाली, तरी काढते. जेवून घेतलं नसेल तर आधी जेवा, मग पुढे वाचा.

त्याला नात्यातल्या सगळ्यांचे फोन नंबर पाठ होते. तुमच्या गोळ्यांच्या वेळा त्यानं कधी कागदावर लिहिल्या नाहीत आणि कधी चुकवल्याही नाहीत. गॅस कधी संपेल ते तो तारीख धरून सांगायचा. अशा माणसाबद्दल तुमच्या नातीला तो एक शब्द कळावा हे बरोबर नाही, आणि त्याला कारण मी आहे.

हॉस्पिटलचा फोन दादानं घेतलेला नव्हता. मी घेतला होता.

आता हे क्रमानं सांगते. आमच्या कक्षात तक्रारी चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावरच्या खिळ्याला टोचत. शनिवारच्या तक्रारींसाठी मी वेगळा खिळा केला होता. त्या चिठ्ठ्या लाइनमनकडे जात नसत, सोमवारपर्यंत तिथेच राहत. तोवर निम्मे लोक स्वतःच फोन करून सांगत की चालू झाला. सांध्यात ओल गेलेली असायची, उन्हानं सुकायची. फुकटच्या फेऱ्या वाचल्या. वरच्यांना ही पद्धत इतकी पसंत पडली की त्यांनी माझा सत्कार ठेवला. तो त्याच शनिवारी होता, संध्याकाळी पाचला.

त्या दिवशी माझी सकाळची ड्यूटी अकराला संपली. साडेअकराला मी घरी होते. दादा बाहेर गेला होता, तुम्ही आत गोळ्या घेऊन झोपला होता. अकरा चाळीसला फोन आला. हॉस्पिटलातली सहायक होती. मी सवयीनं चिठ्ठी लिहिली: स्कॅनचा रिपोर्ट आला, चकती मोठी, मधोमध, खालच्या सगळ्या नसा दाबतेय. बसायच्या जागी बधिर आहे का, लघवी अडते का, ते विचारा. असो वा नसो, आजच दाखल करा, उद्यावर नको.

तिनं विचारलं, "पेशंटला असं काही होतंय का?"

मी म्हटलं, "नाही."

तुम्हाला विचारलं नव्हतं. विचारायला मला शब्दच नव्हते. सिस्टरांच्या शाळेत आम्हाला कमरेखाली शरीर नव्हतंच, आणि मी ती शिस्त बावन्नाव्या वर्षापर्यंत पाळली होती. लघवी हा शब्द या पत्रांआधी मी कधी कागदावर लिहिलेला नव्हता. त्या चिठ्ठीवरसुद्धा तिथे मी नुसती टिंबं दिली होती.

मला वाटलं, सात महिन्यांचं सोंग आहे, दोन दिवसांत काय बिघडतंय. सोमवारी बघू. घरात फोनजवळही मी एक खिळा ठेवला होता, तुम्हाला आठवत असेल. चिठ्ठी त्याला टोचली नाही. पर्समध्ये टाकली. खरंच फालतू वाटली असती तर उघड्यावर टोचली असती, एवढं मला आता कळतं. त्या व्यायामाच्या मुलीसमोर टाचांवर चालताना कळलं असं म्हटलं तरी चालेल.

पाचला सत्कार झाला. दादा दुसऱ्या रांगेत होता, टाळ्या वाजवत होता. तुम्ही घरी एकट्या होता. परत आल्यावर तुम्ही मला खोलीत बोलावून म्हणालात, "वन्सं, खाली काही जाणीवच नाहीये." मी म्हटलं, "दिवसभर लोळल्यावर कुणाची राहील?" तुम्ही ते मला सांगितलंत, दादाला नाही, कारण मी बाई होते. रविवार तुम्ही तसाच काढलात. सोमवारी उठताच आलं नाही तेव्हा नेलं.

ऑपरेशन झाल्यावर ते डॉक्टर म्हणाले, शनिवारी दुपारी बाराच्या आतच घरी कळवलं होतं. तुम्ही आमच्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, मी दोनला ड्यूटीवरून आले. मग दादानं ते स्वतःवर घेतलं. तो तसं का म्हणाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढची अकरा वर्षं तुम्ही त्याच्याशी कामापुरतं बोललात. गोळी, पाणी, दार लावा. तो गेला तेव्हा तुम्ही कोरड्या डोळ्यांनी बॅग भरलीत आणि चिमणीकडे गेलात. मला वाटलं, चला, आता सांगायची गरज उरली नाही.

नव्या डॉक्टरला मी विचारलं, समजा एखाद्याला शनिवारी न आणता सोमवारी आणलं तर? तो म्हणाला, छातीठोक सांगता येत नाही, पण शनिवारी आणलेल्याचं पाऊल आणि बाकीचं सुटण्याची शक्यता पुष्कळच जास्त. बाकीचं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. ती नळी आणि त्या पिशव्या आणि तुमचं कुठेही राहायला जाणं बंद होणं. आपण तिघंही त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. मी तर नाहीच.

आणखी एक. मी बरी होते आहे. कळ मांडीच्या वर सरकली आहे, काल टाचांवर सहा पावलं चालले, चवडा आपटला नाही. ऑपरेशन लागणार नाही. माझं निवळलं, माझ्या आवडत्या पद्धतीनं, आपोआप. पाऊल लुळं पडलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. फिटलं म्हटलं असतं आणि गप्प बसले असते. आता तसं म्हणायची सोय राहिली नाही.

क्षमा वगैरे मागत नाही. तुम्ही ती देणार नाही आणि दिलीत तर मला तुमचा संशय येईल. नातीला खरं सांगा, एवढंच काम आहे.

तुमची नणंद


९ ऑगस्ट

वहिनी,

कार्ड मिळालं. एकच ओळ आहे. "वन्सं, त्या शनिवारी हे किती वाजता घरी आले?"

हा प्रश्न तुम्हीच विचारणार हे मला माहीत असायला हवं होतं. चौतीस वर्षं मी लोकांना उलटतपासणीचे प्रश्न विचारले, आणि एवढी लांबलचक कबुली लिहून त्यातली ही एक वेळ तेवढी गाळली. तुम्हाला ती लगेच दिसली.

बारा वाजून दहा मिनिटांनी.

मी फोनजवळच्या खुर्चीत बसले होते. ऑफिसची साडी अजून बदलली नव्हती, पर्स मांडीवर होती. तो आत आला नाही, दारातच थांबला, बूट घातलेलेच. म्हणाला, "रिपोर्टचा फोन आला का? आला असेल तर असाच जाऊन गाडी घेऊन येतो."

मी म्हटलं, "नाही आला."

त्यानं बूट काढले. मग विचारलं, पाचच्या सत्काराला कोणता शर्ट घालू.

तेव्हा, मी दोनला घरी आले नव्हते हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. फोन आला होता हे सोमवारी डॉक्टरनं सांगताच उरलेलंही कळलं असणार. तो तसं का म्हणाला हे मला कळलेलं नाही, असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते खोटं आहे. तिथेच, त्याच क्षणी कळलं होतं.

नातीला सांगताना हेही सांगा. तुम्ही गुंगीत होता, तुम्हाला वाटत आलं की तुम्ही विचारलंत आणि तो लगेच बोलला. लगेच नाही. तुम्ही म्हणालात, "मग फोन घेतला कुणी?" तो तुमच्या उशाशी उभा होता, मी पायथ्याशी. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी बोलावं म्हणून तो थांबला होता, आणि मला सवड मिळावी म्हणून त्यानं तुमचं पांघरूण नीट केलं, पेल्यात पाणी ओतलं, पेला झाकला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुम्ही पुन्हा विचारलंत. तेव्हा तो म्हणाला, "मी घेतला. विसरलो."

तुमची नणंद